उपयोजित कला शिकायला निघालात? अर्जापासून पहिल्या ज्युरीपर्यंत

दहावी-बारावीचे निकाल लागले की मला फोन येऊ लागतात. ओळखीतली कुणाची आई, कुणाचे बाबा विचारतात, "मुलीला ग्राफिक डिझाइन करायचंय म्हणते. आत्तापासून कोणतं सॉफ्टवेअर लावू?" मी सांगते, सॉफ्टवेअर राहू द्या. एक बिनरेघी वही आणि दोन पेन्सिली घेऊन द्या, आणि रोज अर्धा तास तिला एसटी स्टँडवर नाहीतर मंडईत बसू द्या. फोनवर एवढंच सांगून समाधान होत नाही, म्हणून तेच उत्तर इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

मी तळकोकणातल्या मराठी शाळेतून मुंबईला उपयोजित कला शिकायला आले. त्यानंतरची वीसेक वर्षं पुस्तकांची मांडणी, मुखपृष्ठं आणि अक्षररचना हेच माझं काम आहे, आणि अधूनमधून पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतेही. त्यांतली जी मुलं गावाकडून, मराठी माध्यमातून आलेली असतात, ती पहिले काही आठवडे मागच्या बाकावर गप्प बसतात. इंग्रजी अडतं म्हणून आपण मागे पडणार, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. आपल्या हाताला लहानपणापासून देवनागरीचं वळण आहे आणि या क्षेत्रात त्याला केवढी किंमत आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. हा लेख आधी त्यांच्यासाठी आहे, मग बाकीच्यांसाठी.

१. नावांचा गुंता सोडवून घ्या

उपयोजित कला, कमर्शियल आर्ट, ग्राफिक डिझाइन, व्हिज्युअल कम्युनिकेशन, कम्युनिकेशन डिझाइन. नावं पाच, पण महाराष्ट्रात पदवीचे मुख्य रस्ते दोनच.

पहिला रस्ता बी.एफ.ए.चा, म्हणजे कला महाविद्यालयातली उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी. याचं मूळ घराणं म्हणजे मुंबईची जे.जे. कला शाळा. ती १८५७ची, आणि तिथे १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. घरातली वडीलधारी माणसं अजून 'कमर्शियल' म्हणतात ते त्यामुळेच. पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली आणि २०२३ साली जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत, पुण्यात अभिनव आहे, मुंबईत रहेजा आणि रचना संसद आहेत. गोव्याच्या मुलांसाठी पणजीत आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय १९७२पासून आहे.

दुसरा रस्ता बी.डेस.चा, म्हणजे डिझाइन संस्थेतल्या पदवीचा. अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ची, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९चं. आयडीसीत पदव्युत्तर शिक्षण आधीपासून होतं, बारावीनंतरची बी.डेस. २०१५ला सुरू झाली. शिवाय पुण्याच्या परिसरात सिम्बायोसिस आणि एमआयटीसारख्या खासगी संस्था आहेत.

फरक शिकवण्याच्या ढंगात आहे. बी.एफ.ए.मध्ये हात आधी तयार होतो: रेखाटन, लेटरिंग, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी, जाहिरात मोहीम. बी.डेस.मध्ये प्रश्न आधी येतो: हा फॉर्म कोण भरणार, त्याला कुठे अडतं, मग त्याचं रूप कसं असावं. तुम्हाला तासन्‌तास अक्षर घोटत बसायला आवडत असेल तर कला महाविद्यालय. माणसं वस्तू कशा वापरतात याचं कुतूहल जास्त असेल तर डिझाइन संस्था. कुठल्याही एका रस्त्याला कमी लेखू नका. बी.एफ.ए. करून मग सीड ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन आयडीसीत व्हिज्युअल कम्युनिकेशनचं एम.डेस. केलेली माणसं या क्षेत्रात भेटतात आणि त्यांच्याकडे दोन्ही बाजूंचं असतं.

२. परीक्षांचं वेळापत्रक अकरावीतच भिंतीवर लावा

सगळ्यात जास्त मुलं इथे चुकतात. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी सुरू करतात, तोवर निम्मी दारं बंद झालेली असतात.

बी.डेस.च्या प्रवेशासाठीच्या एनआयडी आणि यूसीड या दोन्ही परीक्षांचे अर्ज बारावीच्या वर्षात पावसाळा संपता संपता निघतात आणि लेखी परीक्षा हिवाळ्यात होतात. यूसीड आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. तिच्यावर मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटींतल्या बी.डेस.चे प्रवेश होतात. कोणत्याही शाखेची मुलं बसू शकतात, पण लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच संधी असतात. पेपर तीन तासांचा, ३०० गुणांचा: दोन तास संगणकावरचा भाग २०० गुणांचा आणि एक तास हाताने काढायच्या चित्राचा भाग १०० गुणांचा. एनआयडीची परीक्षा दोन टप्प्यांत होते आणि दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष हातांनी काही घडवायला सांगतात.

राज्यातल्या बी.एफ.ए.साठी राज्य सरकारचं सीईटी सेल एएसी-सीईटी ही प्रवेश परीक्षा घेतं. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असे चार भाग असतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्या मुलांना ही नावं घरची वाटतील. त्या ग्रेड परीक्षांना लोक दहावीच्या वाढीव गुणांपुरतंच महत्त्व देतात, पण त्यांतल्या ब्लॉक अक्षरलेखनाच्या पेपरमध्ये तुम्ही पहिल्यांदा अक्षर मापात बसवलेलं असतं. ते कागद घरी असतील तर शोधून ठेवा.

नियम, तारखा आणि कोणत्या संस्थेला कोणती परीक्षा लागते हे त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्या. मागच्या वर्षीच्या मुलाने सांगितलं म्हणून कशावर विसंबू नका.

३. पैसे आणि कागदपत्रं

शासकीय महाविद्यालयाची फी आणि खासगी संस्थेची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खासगी ठिकाणी वर्षाला काही लाख जातात, वर राहणं आणि सामान. कर्ज काढायच्या आधी घरी बसून चार वर्षांचा पूर्ण हिशोब मांडा.

शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि ती कला संचालनालयाच्या अभ्यासक्रमांनाही लागू आहे. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र ही कामं दिवाळीच्या सुट्टीत उरका. जात पडताळणीला महिने लागतात. चित्र उत्तम असूनही निव्वळ कागदाअभावी जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ते बघताना पोटात तुटतं.

४. तयारी: क्लासच्या आधी डोळा

क्लास लावा किंवा नका लावू. चांगला क्लास शिस्त लावतो. पण काही ठिकाणी ठराविक चित्रं पाठ करून घेतात: तीच मंडई, तोच गणेशोत्सव, तीच फुगेवाल्याभोवतीची मुलं. तपासणाऱ्यासमोर तसे शेकडो कागद येतात. तुमचा कागद वेगळा दिसायचा असेल तर तुम्ही स्वतः पाहिलेलं त्यावर उतरलं पाहिजे.

स्मरणचित्रासाठी असं करा. मंडईत भाजीवालीसमोर जरा लांब उभं राहा आणि एक मिनिट नुसतं बघा. मग पाठ फिरवा आणि काढा. झालं की पुन्हा वळा आणि जे चुकलं ते लाल पेन्सिलीने त्याच कागदावर दुरुस्त करा. पहिल्या दिवशी कागद लालेलाल होईल. ती एक गुडघा वर घेऊन बसली होती, तुम्ही मांडी काढलीत. तराजूचा हात खांद्याच्या वर गेला होता, तुम्ही छातीशी ठेवलात. हातगाडीचं चाक माणसाच्या कमरेपर्यंत येत होतं, तुम्ही गुडघ्याएवढं काढलंत. महिनाभरात लाल रेषा कमी होतात, आणि ज्या उरतात त्या तुमच्या खास खोडी. त्यांच्यावर वेगळं काम करता येतं.

वस्तुचित्रासाठी घरातला तांब्या घ्या. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत फिरलं आणि इथे डिझाइनची संस्था कशी असावी याचा अहवाल त्यांनी सरकारला दिला. एनआयडीचा पाया त्यातून घातला गेला. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये लोटा त्यांना सर्वांत सुंदर वाटला होता. तुमच्या ओट्यावर तो रोज असतो, त्याच्यासमोर बसा. नव्वद टक्के मुलं तोंडाचा लंबगोल काढतात आणि तळ सरळ रेघेने बंद करतात, कारण तांब्या जमिनीवर सपाट टेकलाय हे त्यांना ठाऊक असतं. पण डोळा तसं पाहत नाही. तुमच्या नजरेच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितका त्याचा लंबगोल जास्त फुगीर दिसतो. म्हणजे तळाची कड तोंडापेक्षा अधिक गोल यायला हवी. ही एक गोष्ट हातात बसली की तुमचा तांब्या कागदावर टेकतो. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून दिसतंय ते काढणं, हाच या सगळ्या तयारीचा गाभा आहे.

संकल्पचित्रासाठी रंगाची पेटी उघडूच नका. काळ्या कागदाचे पाच सारखे चौकोन कापा, पांढऱ्या कागदावर सहा इंचांची चौकट आखा आणि ते पाच तुकडे सरकवून 'गर्दी' दाखवा. मग 'एकटेपण'. मग 'घसरण'. प्रत्येकाचा फोनवर फोटो काढा आणि घरातल्या कुणाला तरी शब्द न सांगता दाखवा. त्यांनी ओळखलं तर तुमची रचना बोलते आहे.

५. कॉलेज डोळ्यांनी बघून या

जमलं तर वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत जा. भिंतीवरची कामं बघा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला. त्यांना तीन गोष्टी विचारा. आठवड्यातून किती वेळा शिक्षक तुमच्या टेबलाशी येऊन काम बघतात? छपाईची, फोटोग्राफीची खोली खरंच उघडी असते का? मागच्या वर्षी पास झालेली मुलं आत्ता कुठे आहेत? चकचकीत इमारतीपेक्षा या तीन उत्तरांवर मी जास्त भरवसा ठेवते.

६. सामान: कमी घ्या, बरं घ्या

पहिल्या आठवड्यात मोठी यादी देतात. सगळं एकदम आणू नका. एचबी आणि टू-बी पेन्सिली, स्टीलची फूटपट्टी, कटर आणि कटिंग मॅट, पोस्टर कलर, दोन चपटे आणि दोन गोल ब्रश, ट्रेसिंग पेपर, कार्ट्रिज पेपर. इम्पिरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो, तो लोकलमधून गर्दीत नेणं कठीण. त्यासाठी चेनची पोर्टफोलिओ बॅग घ्याच. रंग विद्यार्थ्यांसाठीच्या दर्जाचे चालतात, पण ब्रशवर पैसे वाचवू नका. केस गळणारा ब्रश कामही खराब करतो आणि मनही.

फूटपट्टी स्टीलचीच का? प्लॅस्टिकच्या पट्टीला धरून कटर चालवला की तो पट्टीत शिरतो, तिथून बोटात. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात निदान एका बोटाला टाके पडतात.

७. अक्षर

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

लेटरिंगच्या वर्गात बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांपासून सुरुवात होते, कारण पुस्तकं त्याचीच आहेत. शिका, नीट शिका. पण पहिल्या दिवसापासून देवनागरीची वही वेगळी ठेवा. बाजारातून बोरू आणा, किंवा स्वतः बोरू तासून बघा. देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट बाजूला तिरपा छाटतात, म्हणून आपल्या अक्षरांत जाड आणि बारीक रेषा रोमनच्या उलट जागी येतात. रोमनसाठी छाटलेल्या निबने देवनागरी काढली तर अक्षर ओळखू येतं, पण त्याचा तोल बिघडतो. हे वाचून कळत नाही. दोन्ही निबांनी एकच 'क' वीस वेळा काढा, मनगटाला कळतं.

मग अक्षराच्या काळ्या रेषेकडे बघणं सोडा आणि आतल्या पांढऱ्या जागेकडे बघा. 'आभाळ' हा शब्द मोठा काढा आणि फक्त पोकळ्या रंगवा: 'भ'च्या आतली, 'ळ'च्या दोन वाट्यांतली, काना आणि अक्षर यांच्यामधली. या पोकळ्या एकमेकींशी जुळल्या की शब्द एकसंध दिसतो. एक ठासलेली आणि एक मोकळी राहिली की वाचणारा तिथे अडखळतो, जरी का अडखळला हे त्याला सांगता आलं नाही तरी.

दोन अक्षरांमधल्या अंतराची गंमत बघायची असेल तर 'रवाना' लिहा. 'र' आणि 'व' जरा जास्त जवळ आले की लोक 'खाना' वाचतात. माल रवाना झाला आणि माल खाना झाला! हा शब्द मी दरवर्षी पहिल्या वर्षाला देते. रोमन टायपोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर सापडणार नाही, ते तुमच्या डोळ्यालाच शोधावं लागतं.

तसाच दुसरा सापळा 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांचा. एका ठिकाणी गुरुजी, दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकी. फरक फक्त रफार आणि अर्ध्या 'र'चा. फॉन्टमध्ये तो अर्धा 'र' नीट काढलेला नसेल, किंवा टाइप करणाऱ्याला तो कसा आणायचा हे माहीत नसेल, तर निमंत्रणपत्रिकेत अनर्थ होतो. 'दर्या' आणि 'दऱ्या'चंही तेच. फॉन्ट निवडताना आधी हे शब्द टाइप करून बघा. 'ल' मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा आहे की हिंदी वळणाचा दांड्याचा, तेही बघा. 'श'चंही मराठी वळण निराळं आहे. मराठी मजकुरात हिंदी वळणं आली तर काही बिघडत नाही असं पुष्कळांना वाटतं. मला नाही वाटत. जे लहानपणी शाळेत गिरवलं ते छापील पानावर दिसावं, एवढी अपेक्षा वाचकाने ठेवली तर ती रास्त आहे. चांगले मोफत फॉन्ट आता मिळतात. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता बघा, आणि तिरो देवनागरी मराठी तर नावाप्रमाणे मराठी वळणांसाठीच आहे.

मांडणी करताना इंग्रजीच्या सवयी आणू नका. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त हवा लागते. दहा पॉइंटच्या (पॉइंट हे अक्षरांच्या आकाराचं माप) मजकुराला मी ओळींमध्ये चौदा-पंधरा पॉइंटांचं अंतर देते. अक्षरांमधलं अंतर ताणू नका, शिरोरेषा तुटते. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, तिरपं अक्षर आपलं नाही. त्यामुळे मथळा आणि मजकूर यांतला भेद जाडी, आकार, रंग आणि मोकळी जागा यांनीच दाखवायला शिकावं लागतं.

कोणाचं काम बघायचं? र. कृ. जोशींचं. ते जे.जे.त आणि आयडीसीत शिकवत, आणि विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. कमल शेडगे यांचं, ज्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतल्या नावांना चेहरा दिला. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते विनोदी की गंभीर हे अक्षरावरून कळायचं. अच्युत पालव यांचं, ज्यांना सुलेखनासाठी २०२५ची पद्मश्री जाहीर झाली. आणि रोज खिशात असलेलं रुपयाचं चिन्ह: २०१०मध्ये स्वीकारलेलं ते चिन्ह आयडीसीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचं, आणि त्याच्या पोटात आपला 'र' आहे.

घरच्यांनी "पोटापाण्याचं काय?" विचारलं तर त्यांना बाजारपेठेत फिरवून आणा. राज्यात २०२२च्या कायद्यातल्या बदलानंतर दुकानांच्या पाट्या मराठीत, आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसलेली, अशा लावणं बंधनकारक झालं. त्यातल्या कितीतरी पाट्यांवर इंग्रजी नाव देखणं आणि खाली मराठी कसंबसं बसवलेलं दिसतं. तेवढं काम पडून आहे, आणि ते नीट करणारे हात कमी आहेत. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, सरकारी ॲप, बँकेचे फॉर्म हे सगळं त्याशिवाय.

८. संगणक कधी?

पहिल्या सत्रात लॅपटॉप लागतच नाही. दुसऱ्या सत्राच्या सुमारास घ्या, १६ जीबी रॅम आणि रंग बरे दाखवणारा पडदा बघून. महागडी सॉफ्टवेअर विद्यार्थी सवलतीत मिळतात. तोवर इंकस्केप, क्रिता आणि स्क्रायबस फुकट आहेत आणि शिकण्यापुरते भरपूर आहेत.

देवनागरीसाठी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. एक, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांत, टाइप करायला शिका, शक्यतो भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे नेला की त्याचा भुगा होतो. दोन, ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करा. तो बंद असेल तर 'कि' लिहिल्यावर वेलांटी पुढे जाते आणि जोडाक्षरं फुटतात, आणि मुलांना वाटतं फॉन्टच खराब आहे.

९. ज्युरीला कसं सामोरं जायचं

सत्राच्या शेवटी काम भिंतीवर लागतं आणि दोन-तीन शिक्षक समोर बसतात. पहिल्या ज्युरीत पुष्कळ जण रडतात, मीही रडले होते. आधी एक करा: अंतिम कामासोबत कच्ची रेखाटनंही लावा. ज्याने तीस पर्याय काढून एक निवडला त्याचं काम आणि ज्याला पहिलाच सुचला तो त्याने रंगवला त्याचं काम, हे भिंतीवर लगेच वेगळं कळतं.

मराठीत बोला. "मला मराठीत नीट सांगता येईल" असं आधी म्हणा आणि बोला. पारिभाषिक शब्द इंग्रजी आले तर येऊ द्या. मोडक्या इंग्रजीत अर्धवट सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं. इंग्रजी वाचन मात्र वाढवा, कारण विषयावरचं बरंचसं लेखन त्या भाषेत आहे. त्याला दोन वर्षं द्या.

कुणी म्हणालं, "हे जमलेलं नाही", तर लगेच बचाव करू नका. विचारा, "तुमची नजर आधी कुठे गेली?" या एका प्रश्नाने शेरा सल्ला होतो. उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या.

१०. छापखान्यात एकदा तरी उभं राहा

तिसऱ्या वर्षी मी एका संस्थेच्या कार्यक्रमाची पत्रिका केली होती. फाइल पाठवली, पैसे ठरले, मी खुशीत. पाचशे प्रती छापून आल्या आणि प्रत्येकीवर 'ज्ञानेश्वर' शब्दातला 'ज्ञ' फुटून 'ज्‌ञ' झाला होता. मी अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे फॉन्ट लागू नये म्हणून अक्षरांचे चित्रासारखे आकार करून, दिल्या नव्हत्या, छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, आणि त्यांनी प्रूफ न दाखवताच प्लेट काढली होती. सगळ्या प्रती रद्दीत गेल्या. संस्थेतले एक आजोबा पत्रिका हातात धरून काही न बोलता बसले होते. ते मला अजून दिसतात.

तेव्हापासूनची माझी यादी अशी. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई, कापताना पांढरी कड राहू नये म्हणून. चित्रं छपाईच्या आकारात ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. मजकूर फक्त काळ्या शाईत, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नाही, कारण प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत सावली येते. अक्षरांच्या बाह्यरेषा करून द्यायच्या आणि मूळ फाइल स्वतःकडे वेगळी ठेवायची. आणि कागदावरचं प्रूफ सहीनिशी पास केल्याशिवाय छपाई सुरू करायची नाही, मग रात्रीचे अकरा वाजोत.

कॉलेजच्या जवळचा एखादा छापखाना शोधा आणि तिथल्या मशीनमनशी ओळख करा. ७० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) मॅपलिथो या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर शाई कशी बसते आणि १३० जीएसएम आर्ट पेपरवर कशी चमकते, हे ते पाच मिनिटांत दाखवतात. सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं, घडी घालून उलगडून दाखवला की पुस्तकाची पानं चार, आठ, सोळाच्या पटीत का ठेवायची हे कायमचं समजतं.

११. कामं जपा

पोर्टफोलिओ चौथ्या वर्षी जमवायची गोष्ट नाही. पहिल्या वर्षापासूनची प्रत्येक शीट दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ सपाट ठेवून, वरून सरळ फोटो काढून साठवा. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागाला कामं पाठवायची वेळ येते तेव्हा, किंवा इंटर्नशिपसाठी कुणी "काय काय केलंय?" विचारतं तेव्हा, हेच हाताशी येतं.

मूळ शीट गुंडाळून माळ्यावर टाकू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात पोस्टर कलरला बुरशी धरते आणि चिकटलेल्या शीट सोडवताना रंग निघून येतो. दोन शीटमध्ये बटर पेपर घाला, सपाट फोल्डरमध्ये ठेवा, जमिनीपासून हातभर वर. ऑक्टोबरची ऊन्हं पडली की सगळं काढून एक दिवस हवा द्या. आणि प्रत्येक शीटच्या मागे, खालच्या उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने तारीख घाला.